मधला टाका

नांदुऱ्यात गुलजार पिंजाऱ्याची शिंक प्रसिद्ध होती. पिंजाऱ्याच्या पोटी जन्म घ्यायचा आणि कापसाचा रुवा नाकात गेला की शिंकायचं, असा माणूस वरच्यानं एकच घडवला असावा, आणि तो नेमका जमीलाच्या पदरात टाकला. शिंक तरी साधीसुधी असावी. आधी तो हातातलं काम थांबवायचा, मान वर करायचा, डोळे मिटायचा आणि मग जो बार उडायचा त्यानं समोरच्या सायकलवाल्या इंद्रभानच्या हातून पाना निसटायचा. एकीवर भागत नसे. तीन झाल्या की मग 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणून नाक पुसून गडी पुन्हा कामाला.

लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या शिंकेला जमीला चुलीपुढून उठून परसात पळाली होती. ही गोष्ट सासू मरेपर्यंत पाहुण्यांना सांगत राहिली. पुढे सवय झाली. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. पलीकडून शिंक ऐकू आली की जमीलाला कळायचं, माणूस कामाला बसला, आता दोन तास तरी चहा मागत नाही.

गुलजार तापट होता, हे सांगून टाकलेलं बरं. त्याचा राग दोघांवर. एक स्पंजची गादी, दुसरा बीटी कापूस. स्पंजनं गिऱ्हाईक नेलं आणि बीटीनं कापूस नेला, असं तो येईल त्याला ऐकवायचा. देशी कापसाचा धागा आखूड आणि राठ. गिरणीला तो नको असतो, पण गादीला त्याच्यासारखा दुसरा नाही. दाबला की उसळून वर येतो. बीटीचा कापूस दिसायला देखणा, हाताला मऊ, पण गादीत भरला की वर्षभरात बसतो आणि एकदा बसला की आळशी जावयासारखा उठायचं नाव घेत नाही. पण ऐकणार कोण? जिल्हाभर बीटीच. दुकानात बी तेच, शेजाऱ्याच्या वावरात तेच. लाल्या रोग पडला की सगळ्यांचीच वावरं एकदम लाल होतात आणि सगळे एकदमच गप्प होतात. ज्याच्या शेतात कापूस पिकतो त्याच्या घरची गादी वर्षानुवर्षं पिंजायला येत नव्हती, कारण कापूस घरात यायच्या आधीच विकलेला असायचा.

अपवाद एक, कारभारी नावाचा सोनाळ्याचा शेतकरी. हा गुलजारचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्याही सगळ्या वावरात बीटीच होता, पण बांधाकडेच्या चार ओळी तो दरसाल देशी कापसाच्या लावायचा, त्या केवळ गुलजारसाठी. गाव त्याला हसायचं. कारभारी म्हणायचा, "हसा लेकहो. त्याचं तोंड बंद ठेवाले मले चार ओळी स्वस्त पडतात."

त्या साली त्या चार ओळींना मोल आलं होतं, कारण गुलजारची धाकटी लेक मलिहा हिचा निकाह ठरला होता, अकोटच्या मोईजशी. थोरली महनूर आधीच सासरी नांदत होती. पिंजाऱ्याच्या घरात एक रीत आहे. लेकीच्या सासरी जाणारी गादी विकत आणायची नाही, दुसऱ्याकडून भरून घ्यायची नाही. कडेची शिवण आई घालते आणि गादीच्या बरोबर मधोमध पडणारा टाका बाप घालतो. मधला टाका पक्का असेल तर कापूस जागा सोडत नाही, तो ढिला असेल तर सगळा कापूस एका अंगाला सरकतो आणि गादीच्या पोटात खड्डा पडतो. संसाराचंही तसंच असतं, असं गुलजार म्हणायचा, आणि जमीला म्हणायची की टाका एक घालायचा आणि भाषण दहा टाक्यांचं द्यायचं.

तर दिवाळीनंतर तो सोनाळ्याला गेला, कारभारीनं सरकी काढून ठेवलेल्या रुईची गाठोडी छोट्या हत्ती टेम्पोत टाकली आणि पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसून नांदुऱ्याला निघाला. पूर्णेच्या पुलाच्या अलीकडे रस्त्यात कापसाची ट्रॉली उभी होती. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, पण गाडी जाऊन धडकलीच. ड्रायव्हरचं कपाळ फुटलं. गुलजारची छाती समोर आदळली. तो स्वतः उतरला, ड्रायव्हरच्या कपाळाला रुमाल बांधला, सांडलेली रुई गोळा केली आणि मग "जरासं बसतो" म्हणून लिंबाखाली बसला, तो त्याला उठवेचना.

खामगावच्या डॉक्टरांनी फोटो काढला. दोन बरगड्या मोडल्या होत्या, पण ते बरगड्यांविषयी बोलेनात. छातीतली सावली रुंद दिसते म्हणाले, आणि त्याला सरळ औरंगाबादला पाठवलं. गुलजार अँब्युलन्समध्ये पूर्ण शुद्धीवर होता, रस्त्यातल्या खड्ड्यांवर ड्रायव्हरला शिव्या घालत होता, म्हणून जमीलाला वाटलं, फार काही नसावं.

औरंगाबादला डॉक्टर भेटली ती तरुण मुलगी, नाव निशिगंधा. चिखलीकडच्या उंद्रीची निघाली. नांदुरा ऐकल्यावर तिच्या बोलण्यातली शहराची घडी आपोआप मोडली आणि ती जमीलाशी घरच्यासारखं बोलू लागली.

"मावशी, काळजातून एक मोठी नळी निंघते, अंगभर रक्त नेते. महाधमनी म्हणतात तिले. गाडी जागीच थांबली, पण छातीत ती नळी हिसकली आन आतून फाटली. वरचा पातळ पापुद्रा तेवढा धरून राह्यला."

"तो बी फाटला तं?" जमीलानं विचारलं.

"मंग आपल्या हाती काई राहत नाई," डॉक्टर म्हणाली. "म्हणून बाबांनी हलायचं नाई, खोकायचं नाई, जोर करायचा नाई. रागवायचं तं बिलकुल नाई. आमचं काम होईपर्यंत."

रागवायचं नाही, हे ऐकून जमीलाचा धीर पहिल्यांदा सुटला.

पुढचं डॉक्टरनं दोघांनाही समजावलं. छाती उघडायची नाही. जांघेत छोटा चिरा द्यायचा, तिथल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी वर छातीपर्यंत न्यायची. तिच्यात घडी करून बसवलेलं कापडाचं नळकांडं असतं, त्याला तारेची गोल कडी असतात. फाटलेल्या जागी ते सोडलं की कडी आपोआप उघडतात आणि कापड आतून भिंतीला रेटा देऊन घट्ट बसतं. फाटकी जागा झाकली जाते आणि रक्त त्या कापडाच्या आतून वाहतं.

गुलजारनं सगळं शांतपणे ऐकलं आणि धंद्याचा प्रश्न विचारला.

"कापड कायचं?"

"पॉलिस्टरचं."

त्यानं डोळे मिटले. जन्मभर स्पंजशी भांडला, आणि त्याचाच भाऊबंद थेट काळजाशेजारी येऊन बसणार होता.

"सुती नाई भेटत काय, बेटा?"

"नाई हो बाबा. सुती आत टिकत नाई."

"बरं. आन टाके किती पडतीन?"

"जांघेत पडतीन दोन-तीन. आत एक बी नाई. आतलं कापड बिनटाक्याचं बसते."

गुलजारनं मान वळवून जमीलाकडे पाहिलं. डॉक्टरला त्या पाहण्याचा अर्थ कळायचं कारण नव्हतं, पण जमीलाला तो लख्ख कळला. तीस वर्षं तो कापूस भरत होता आणि ती टाके घालत होती. आतलं भरण टाक्याशिवाय जागेवर राहत नाही, हे त्या घरात पोरं चालायला शिकायच्या आधी शिकत.

पैशाचं कसं झालं ते इथं सांगत नाही. कारभारी, महनूरच्या सासरचे आणि दवाखान्याची कसलीशी योजना मिळून ते जमलं. सकाळी त्याला आत नेलं. जमीला बाहेरच्या बाकावर तसबीह फिरवत बसली आणि तिच्या शेजारी कारभारी मोठ्यानं हनुमान चालिसा म्हणू लागला. नर्सनं दोघांनाही हळू म्हणायला सांगितलं. दुपारच्या आत डॉक्टर हसत बाहेर आली, तेव्हा कारभारी आधी रडला, मग जमीला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं गुलजारला चालवलं. घरी सोडताना सांगितलं, ओझं उचलायचं नाही, ब्लडप्रेशरची गोळी चुकवायची नाही, पिंजणकमान काही महिने भिंतीवर राहू द्यायची. बाकी चाला, फिरा, बोला, हसा. जमीलानं हे सगळं कानात साठवून घेतलं. गुलजारच्या कानात मात्र ऑपरेशनच्या आधीचं बोलणं पक्कं बसलं होतं. हलायचं नाही, खोकायचं नाही, जोर करायचा नाही.

घरी येऊन तो पडद्यापलीकडे दुकानातल्या खाटेवर पडला तो पडलाच. उताणा, दोन्ही हात पोटावर, कुशीवर म्हणून वळायचा नाही. बोलायचा ते इतकं हळू की जमीलाला वाकून ऐकावं लागे. ज्या माणसाचा आवाज स्टेशनच्या गर्दीत हरवत नव्हता, तो आपल्याच घरात पाणी मागताना ओठ हलवून थांबायचा.

"तुमाले दुखते काय?" ती विचारायची.

"दुखत नाई."

"मंग उठत काऊन नाई?"

 एकदा त्यानं सांगून टाकलं.

"टाका नाई ना जमीला आत. सरकंन ते."

त्यानं घरात कापूस आणायला मनाई केली. दुकानातली पिंजायची मशीन बंद झाली. मलिहाच्या गादीच्या रुईची गाठोडी इंद्रभानच्या दुकानात ठेवली गेली, कारण रुवा उडाला तर शिंक येईल, आणि एवढी मोठी शिंक आली तर आतलं बिनटाक्याचं कापड जागेवर राहीलच कसं? नाकावर तो ओला रुमाल बांधून पडायचा. चुकून नाक हुळहुळलंच तर दोन बोटांनी इतकं घट्ट दाबायचा की डोळ्यांतून पाणी यायचं. घर शांत झालं. असली शांतता जमीलाला नको होती.

तबियत पुसायला माणसं येत होती. आल्या आल्या प्रत्येकाचा प्रश्न एकच, टाके किती पडले? आपल्याकडे दुखण्याचं वजन टाक्यांवर करतात. बारा टाकेवाला माणूस सातवाल्यापुढे मान ताठ करून बसतो. गुलजारच्या छातीवर तर ओरखडासुद्धा नव्हता, आणि जिथं टाके पडले होते ती जागा काही पाहुण्यांना दाखवायची नव्हती. लोक चहा पिऊन उठायचे आणि दाराबाहेर म्हणायचे, टाका नाही ते कसलं ऑपरेशन, औरंगाबादेत फसवलं बिचाऱ्याला.

इंद्रभाननं तर कमाल केली. जन्मभर सायकलीचे पंक्चर काढलेला माणूस. तो खाटेशेजारी बसून गंभीरपणे म्हणाला, "गुलजारभाई, ट्यूबले ठिगळ म्या आजलोक वरूनच लावलं. आतून ठिगळ लागते हे काई मले पटून नाई राह्यलं."

जमीलानं त्याच्या हातातला अर्धा चहा परत घेतला आणि त्याला वाट दाखवली. पण बोललेलं परत घेता येत नाही. त्या दिवसापासून गुलजारनं जेवायलाही उठून बसणं सोडलं.

महिन्यानं पुन्हा औरंगाबादला जाऊन फोटो झाला. डॉ. निशिगंधानं तो पडद्यावर मोठा करून दाखवला. छातीत ते नळकांडं कसं नीट बसलं होतं, तारेची कडी ओळीनं दिसत होती. "बाबा, अगदी जागच्या जागी हाय. तुमी फिरून नाई राह्यले, एवढीच माही तक्रार हाय." गुलजारनं मान डोलावली. परतीच्या वाटेवर जमीला खुशीत होती. तेव्हा तो हळूच म्हणाला, "फोटोत बरोबरच दिसंन. फोटो काढताना म्या हाललो कुठी?"

आता यावर कोणता डॉक्टर काय करणार?

सोनाळ्याहून कारभारी दर बाजाराला यायचा. कधी तुरीच्या शेंगा, कधी हुरडा, कधी नुसताच हात हलवत. तो खाटेशेजारी जाजमावर बसायचा, तिथल्या जुन्या लोडाला टेकायचा आणि शाळेतल्या गोष्टी काढायचा. मास्तरांच्या टोपीत बेडूक टाकल्याची गोष्ट गुलजारनं आजवर शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा खाटेवरून पडेस्तोवर हसला होता. आता ओठ घट्ट मिटून छताकडे पाहत राहायचा. हसणं म्हणजेही हालणंच. बाहेर पडताना कारभारी जमीलाला म्हणायचा, "भाभी, हा वाचला म्हणतात. पण मले तं अजून दिसून नाई राह्यला."

निकाह जवळ आला. गादी भरायची राहिली ती राहिलीच. एका संध्याकाळी मलिहा स्वयंपाक करता करता आईला म्हणाली, "अम्मी, स्पंजची घेऊन टाकू. मोईजच्या घरचे काई म्हणणार नाई. अब्बा जगले, तेच लय हाय मले."

पोर समजुतीनं बोलली होती. पण पडदा पातळ होता आणि खाट पलीकडेच होती. जमीलाचा हात पिठातच थांबला. आता भूकंप होणार, असं तिला वाटलं. स्पंज हा शब्द या घरात कुणी उच्चारला तर गुलजार ताट सोडून उठायचा.

पडद्याआडून त्याचा हळू आवाज आला, "घ्या स्पंजची."

त्या दोन शब्दांनी जमीलाला जेवढी भीती वाटली तेवढी दवाखान्याच्या बाकावरही वाटली नव्हती. तिथं निदान आतला माणूस तिचा होता. हा स्पंज घ्या म्हणणारा कोण? नळी शाबूत राहिली आणि माणूसच सरकला की एका अंगाला. असा नवरा तिला नको होता. तिला तिचा तो तापट, बडबड्या, शिंकरा नवरा हवा होता, आणि तो हवा आहे हे तिनं तीस वर्षांत एकदाही तोंडानं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळीच कारभारी हुरड्याची पिशवी घेऊन आला आणि नेहमीसारखा लोडाला टेकला. जमीला आतून आली. तिच्या हातात कैची होती.

"भाऊ, उठा जरासे," ती म्हणाली.

कैची पाहून कारभारी चटकन उठला. जमीलानं लोड उचलून खाटेच्या कडेला, गुलजारच्या कुशीशी ठेवला.

"हा लोड कोणं भरला?"

"म्याच," गुलजार ओठातल्या ओठात म्हणाला. "महनूर पोटात होती तवा."

"ह्याच्यात टाके किती?"

"लोडाले कुठी टाका रायते?"

"मंग आतला कापूस सरकला काऊन नाई? दोन पोरी ह्याच्यावर बसून घोडा घोडा खेळल्या. हे कारभारी भाऊ एवढ्या सालापासून ह्याले पाठ घासून राह्यले. कापूस एका अंगाले गेला काय?"

"कसा जाईन?" गुलजार म्हणाला. धंद्याचं काही विचारलं की त्याच्यानं राहवत नसे. "लोड ठासून भरावं लागते. आतला कापूस चारी अंगानं खोळीले रेटा देते. सरकाले जागाच रायत नाई. गादी पसरट असते म्हणून तिले टाका. लोड गोल असते, त्याले..."

तो तिथंच थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं. 

"डाक्टरीण काय म्हणे?" जमीला म्हणाली. "नळी गोल हाय. कापड आतून रेटा देते. तुमची नळी गादी हाय का लोड?"



"पण ह्या लोडात देशी कापूस हाय," गुलजार म्हणाला. "त्यात तं पॉलिस्टर हाय."

"आन तार हाय. तार काय बीटी हाय, बसाले?"

कारभारीच्या तोंडून फसकन हसू निसटलं. गुलजारच्या ओठाचा कोपराही हलला, पण त्यानं तो आवरला.

"लोड आतून कोणं पाह्यला?" तो म्हणाला. "बसला असंन बी. वरून काय समजते."

"थांबा, दाखोतो तुमाले," म्हणत जमीलानं लोडाच्या तोंडाच्या शिवणीत कैची घातली.

स्वतःच्या हातचं काम डोळ्यांदेखत उसवताना पाहणं कोणत्याही कारागिराला सोसत नाही. "अवं, फाडू नोको," म्हणत गुलजार उठून बसला. कधी उठला ते त्याला कळलं नाही, पण जमीलाला कळलं. ती थांबली नाही. शिवण उसवली गेली, आणि तोंड उघडल्याबरोबर आतला कापूस आपला आपण बोटभर बाहेर आला, एवढा रेटा त्याच्यात अजून होता.

"घाला हात."

गुलजारनं हात घातला, कोपरापर्यंत. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. कुठंही खड्डा नव्हता. कापूस कडेपासून कडेपर्यंत तसाच होता, जसा त्यानं तरुणपणी ठासला होता. 

एवढ्या वर्षांचा लोड उघडला की नुसता कापूस बाहेर येत नाही. रुवा आला, धूळ आली, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात ती सगळी गुलजारच्या तोंडासमोर नाचू लागली. नाकावरचा रुमाल बोलताना गळ्यात आला होता. त्यानं मान वर केली. डोळे मिटले. नाकाकडे नेलेला हात कापसानं भरलेला होता, आणि त्यामुळे जे व्हायचं ते लवकर झालं.

पहिल्या शिंकेला कारभारीच्या हातातली हुरड्याची पिशवी पडली. दुसरीला मलिहा आतून धावत आली. तिसरीला रस्त्यापलीकडे इंद्रभानच्या दुकानात काहीतरी लोखंडी खणकन वाजलं.

मग कुणीच हललं नाही. गुलजार छातीवर हात ठेवून बसून होता, कान आत लावल्यासारखा. जमीला त्याच्याजवळ गेली आणि परक्या माणसादेखत, लेकीदेखत, तिनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला. आत धडधड चालली होती, एका चालीत, आपल्या जागी.

"हाय ना?" तिनं विचारलं.

"हाय," तो म्हणाला. "सरकलं नाई."

"अल्हम्दुलिल्लाह म्हणा मंग. राह्यलं तुमचं."

तो म्हणाला. कारभारीही म्हणाला, आणि खाली बसून सांडलेला हुरडा वेचू लागला, कारण त्याला कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

"तुमी शिंकत नव्हते तं मले ह्या घरात करमत नव्हतं," जमीला म्हणाली. तिनं हे सगळ्यांसमोर म्हटलं आणि लाजली नाही. "चूल पेटोली तरी घर थंडच वाटे. तुमी मले असे पडून नोको, बोंबलत असलेले पाह्यजेत."

गुलजारनं तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत ही बाई आपल्याशी असं बोलली नव्हती, हे त्याला कळलं असावं, कारण त्यानं लगेच लोड जवळ ओढला. 

"हा लोड शिवावा लागंन," तो म्हणाला. "दाभण कुठी हाय?"

मलिहानं भीत भीत विचारलं, "अब्बा, मंग स्पंजची गादी..."

"कोणं काढलं स्पंजचं नाव ह्या घरात?" गुलजार असा गरजला की पडदा हलला. "कारभारी, बसून काय राह्यला बे? इंद्रभानच्या दुकानातून रुई आन. आन त्या पंक्चरवाल्याले म्हणा, इकळे ये, ठिगळ आतूनच लागते."

रुई आली. मशीन सुरू झाली. ओझं आणि कमान गुलजारला मना होती, म्हणून मशीनमध्ये कापूस मलिहानं घातला, खोळ कारभारीनं धरली, आणि गादी भरून झाल्यावर ती काठीनं झोडून सारखी करायचं काम इंद्रभानला मिळालं, दंड म्हणून. गुलजार खुर्चीवर बसून तिघांच्याही चुका काढत होता. मधून मधून शिंकत होता, आणि प्रत्येक शिंकेनंतर क्षणभर छातीवर हात ठेवत होता. हळूहळू तो हात ठेवायचं विसरू लागला.

कडेची शिवण जमीलानं घातली. मग गुलजार खुर्चीवरून उतरून गादीच्या मधोमध गुडघे टेकून बसला आणि दाभण खाली खुपसलं. ते ओढून काढायला अजून जोर लागत होता, आणि जोर करायचा नव्हता. जमीलानं गादीखाली हात घालून दाभण ओढलं, फिरवलं आणि पुन्हा वर सारलं. त्यानं वरून दोरा घेतला. रीत बापाच्या टाक्याची होती, पण या टाक्यात दोघांचे हात लागले. मलिहा पाहत होती. गुलजारनं गाठ मारली, अंगठ्यानं दाबून पाहिली आणि म्हणाला, "आता कोठी जात नाई हा."

भाषण दिलं नाही. जमीला वाट पाहून उठली आणि आत गेली. पडद्यापलीकडे त्यानं उसवलेला लोड पुढ्यात घेतला आणि शिंक आली. आता तो दोन तास चहा मागणार नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं आधण ठेवलं.